संध्याकाळी सातचा तमाशा: पोरांचा राग आणि आपला

विक्रोळीला कन्नमवार नगरात माझं पाळणाघर आहे. दीड वर्षाच्या बाळापासून पाचवी-सहावीतल्या पोरांपर्यंत सगळी असतात. लहानगी सकाळपासून, मोठी शाळा सुटली की. राग या विषयात माझ्याकडे पदवी नाही, पण रोजचा अनुभव भरपूर आहे. शिवाय पाळणाघरात येणाऱ्या एका बालरोगतज्ज्ञ आईला मी प्रश्न विचारून हैराण केलेलं आहे. तेव्हा जे सांगते ते वापरून बघितलेलं आहे.

आयांचा ठरलेला प्रश्न असतो, "काकू, दिवसभर शहाण्यासारखा होता म्हणता, मग मला बघितल्यावरच याच्या अंगात का येतं?" येणारच. दिवसभर त्याने दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या नियमात, दहा पोरांशी खेळणी वाटून घेत स्वतःला धरून ठेवलेलं असतं. तुम्ही दिसलात की ते सगळं सुटतं. माझ्यासमोर तो भोकाड पसरत नाही याचा अर्थ मी भारी आणि तुम्ही वाईट असा मुळीच नाही. जिथे काही झालं तरी आपल्याला टाकणार नाहीत अशी खात्री असते, तिथेच मूल सांडतं.

म्हणून पहिला उपाय दारातला. दार वाजवण्याआधी फोन पर्समध्ये टाका, कॉल संपवूनच जिना चढा. आत आल्यावर "डबा संपवला का? कोणाला मारलंस? होमवर्क झाला?" ही उलटतपासणी नको. चपला काढा, खाली बसा, त्याला मांडीवर येऊ द्या. यायचं नसेल तर नुसत्या बसा. माझ्याकडे पोरं साडेबाराला जेवतात आणि चारला दूध-बिस्कीट किंवा उपमा खातात. ठाण्याकडची स्लो लोकल लेट झाली की तुम्ही साडेसातला येता. म्हणजे पोटात साडेतीन तास काही नाही, आणि वर घरी जाऊन कुकर लावायचाय. पर्समध्ये राजगिऱ्याचा लाडू किंवा केळं ठेवा आणि ते घरी पोचल्यावर नाही, इथेच, माझ्या दारात द्या. "आता खाल्लं तर जेवणार नाही" म्हणून उपाशी पोराला ओढत नेणारे पालक रस्त्यात काय भोगतात ते मला गॅलरीतून दिसतं.

तांडव चालू असताना

त्या डॉक्टर आईने मला सांगितलेलं एक वाक्य मी सगळ्यांना ऐकवते: रागाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला वयाची पंचविशी येते. दोन वर्षांच्या पोराकडे इंजिन आहे, ब्रेक अजून बसवायचाय. त्यामुळे एक ते तीन या वयात थयथयाट होणं हे संस्कार कमी पडल्याचं लक्षण नाही. चार वर्षांच्या पुढे बोलता येऊ लागतं तसं ते बहुतेकांचं कमी होत जातं. आणि बहुतेक तांडवं आपण मध्ये तोंड घातलं नाही तर काही मिनिटांत ओसरतात. आपल्याला ती अर्ध्या तासाची वाटतात, कारण शेजारच्यांची दारं उघडलेली असतात.

एक नमुना सांगते. आमच्याकडे जुन्या चार मजली इमारती पाडून टॉवर होतायत, त्यामुळे पोरांना लिफ्ट नवीन. चार वर्षांची एक मुलगी आईबरोबर खाली निघाली आणि दुसऱ्याच कोणीतरी लिफ्टचं बटण दाबलं. झालं! मुलगी जमिनीवर, सँडल हवेत. आईचं सुरू: "एवढंसं बटण! उद्या दाब ना. रडतेस काय? लोक बघतायत. शहाणी आहेस ना?" पाच वाक्यं, त्यातलं एकही त्या मुलीच्या कानात शिरलं नाही. आवाज मात्र वर वर चढत गेला.

मी आईला हाताने थांब म्हटलं आणि उकिडवी बसले. "तुला बटण दाबायचं होतं. दुसऱ्याने दाबलं. राग आला." बस. मग गप्प. समजूत नाही, लालूच नाही, "पण" नाही. ती किंचाळत राहिली आणि मी सँडल उचलून बाजूला ठेवली. थोड्या वेळाने किंचाळणं बदललं आणि हुंदके सुरू झाले. ही जागा ओळखायला शिका. किंचाळण्यात राग असतो, तेव्हा जवळ घ्यायला गेलात तर लाथ बसते. हुंदक्यात दुःख असतं, तेव्हा हात पसरले की मूल स्वतः येतं. ती आली. नाक माझ्या पदराला पुसलं आणि मग म्हणाली, "मला दाबायचं होतं." मी म्हटलं, "हो ना." आईने तिला परत वर नेलं, तिने बटण दाबलं, दोघी गेल्या.

यावर एक आजोबा म्हणाले, "अशाने डोक्यावर बसतील." माझं मत सरळ आहे: बटणासारख्या गोष्टीत माघार घेतली तर काही बिघडत नाही, फक्त ती रडण्याला बक्षीस म्हणून नको, रडणं थांबल्यावर. घरात हट्टाने मोडता येणार नाहीत असे नियम मोजकेच ठेवा. माझ्याकडे तीन आहेत. कोणाला मारायचं-चावायचं नाही, लागेल अशी वस्तू फेकायची नाही, रस्त्यावर आणि प्लॅटफॉर्मवर हात सोडायचा नाही. यात आकाश कोसळलं तरी बदल नाही. हिरवा टी-शर्ट की निळा, पोळी गोल की तुकडे करून, यावर मी युद्ध करत नाही. प्रत्येक गोष्टीला "नाही" म्हणणाऱ्याचं खरं "नाही" पोरांना वेगळं ऐकूच येत नाही.

मूल मारायला लागलं तर "मारू नकोस" असं लांबून ओरडून उपयोग नाही. जवळ जा, मनगट सैलसर पण पक्कं धरा, आणि म्हणा, "मी मारू देणार नाही." जबाबदारी आपल्यावर घ्यायची, कारण त्या क्षणी त्याच्याकडे ती पेलायची ताकद नसते. "बघ कसं लागतं" म्हणून उलटा चिमटा काढणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. त्यातून पोर एवढंच शिकतं की मोठा असेल त्याला मारायची मुभा आहे. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीवर बंदी आहे. बाईंनी कान पिरगळला तर आपण शाळेत भांडायला जातो आणि घरी येऊन स्वतः धपाटा घालतो, हे काही जमत नाही.

उशी बडवून राग काढायला शिकवणारेही भेटतात. मी शिकवत नाही. बडवून राग उतरत नाही, उलट तापलेला राहतो. संशोधनातही हेच दिसलंय आणि मला तर डोळ्यांनी दिसतं. त्यापेक्षा भिंत ढकलायला सांगा: दोन्ही तळवे टेकून, "बघू ही भिंत हलते का." जोर लावता येतो आणि कोणाला मारण्याची सवय लागत नाही.

आता तुमचा राग

पुस्तकी सल्ला असतो की राग आला तर दुसऱ्या खोलीत जा. आमच्याकडे कित्येकांना दुसरी खोलीच नाही! सासूबाई कॉटवर, टीव्ही चालू, पोर पायात. मग जायचं कुठे? मोरीत. मोरीला दार असतं आणि नळ असतो, आणखी काही लागत नाही. मनगटांवर आणि तोंडावर गार पाणी मारा. श्वास चार मोजत आत घ्या आणि सहा-सात मोजत सोडा. सोडायचा श्वास लांब हवा, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. पाचसहा वेळा केलंत की हातातला ताठरपणा कमी होतो.

पण न सांगता उठून जाऊ नका, मूल घाबरतं. सांगून जा: "मला खूप राग आलाय. मी तोंड धुऊन येते. लगेच येते." आणि खरंच या. हे वाक्य मुलासाठी शंभर व्याख्यानांपेक्षा कामाचं आहे, कारण राग आला तर माणूस काय करतो ते त्याला समोर दिसतं.

कडेलोट होण्याआधी शरीर सांगत असतं. एका बाबाचे कान तापतात. एक आई मुलाला आडनावासकट हाक मारायला लागते. तुमची खूण कुठली ते शांत असताना नवरा-बायकोने एकमेकांना विचारा, दुसऱ्याला ती नक्की माहीत असते. माझ्याकडच्या एका जोडप्याने खुणेचा शब्द ठरवलाय. दोघांपैकी कोणीही "जरा पाणी आण गं" किंवा "पाणी आण रे" म्हणालं की अर्थ, माझं डोकं फिरतंय, तू ये. दुसऱ्याने येऊन मूल ताब्यात घ्यायचं, "तुला साधं एक पोर सांभाळता येत नाही" हे म्हणायचं नाही. तेवढं पथ्य पाळलं तरच खूण चालते.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर यात चूक चालतच नाही. बाळ रात्रभर रडतंय, तुमचा तोल जातोय, तर त्याला गादीवर पाठीवर झोपवा, आजूबाजूची उशी-पांघरूण काढा आणि पाच मिनिटं गॅलरीत उभ्या राहा. रडू दे. रागात बाळाला गदगदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. रडण्याने तसं काही होत नाही. बाळंतपणानंतर कित्येक आठवडे रडू येणं, चिडचिड, बाळाविषयी काहीच न वाटणं चालू असेल तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

आणि हे तर सगळ्यांना ठाऊक आहे, पण मान्य कोणी करत नाही: सातच्या रागातला मोठा भाग पोराचा नसतोच. तो ऑफिसातला असतो, गाडीत पायावर पाय पडलेला असतो, हप्त्याचा असतो. पोर फक्त हाताशी असतं.

ओरडलात, हात उचललात, तर नंतर सांगा. "मी ओरडले ते चुकलं. तू ग्लास फेकलास तेही चालणार नाही." दोन वेगळी वाक्यं. "तू तसं केलंस म्हणून मला ओरडावं लागलं" ही माफी नव्हे, बिल फाडणं आहे.

बाबा, आजी आणि पोलीस

"थांब, बाबा येऊ दे, मग बघते" हे बंद करा. बाबा दिवसभर बाहेर, घरी आला की त्याने फौजदार व्हायचं, आणि मग वय वाढल्यावर "हा माझ्याशी बोलत नाही" म्हणायचं. आईला आत्ता जे सांगायचंय ते आईनेच आत्ता सांगावं.

आजी-आजोबांचा बागुलबुवा मुंबईत पोलीस असतो. "रडलास तर पोलीसमामा घेऊन जाईल." आजींना मी एकच विचारते: दादरला गर्दीत तुमचा हात सुटला तर त्याने कोणाकडे जायचं? खाकी वर्दीकडेच ना? मग त्या वर्दीची भीती कशाला घालता? हे आजींना चटकन पटतं. सुनेने सांगितलं असतं तर पटलं नसतं, म्हणून सुनांनो, हे काम माझ्यासारख्या तिऱ्हाइताला सांगा.

मोबाइल

मोबाइल काढून घेताना जे होतं त्याला मी वेगळं खातं देते. जागतिक आरोग्य संघटना दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर स्क्रीन नको म्हणते, त्याहून कमी तर बरंच. दोनच्या आतल्यांना तर नकोच. पण आपण तासाबद्दल भांडतो आणि बंद करण्याची रीत शिकवत नाही. तीन वर्षांच्या मुलाला "पाच मिनिटांत बंद" कळत नाही, पाच मिनिटं म्हणजे किती? "हे गाणं संपलं की बंद" हे कळतं. बंद त्यालाच करू द्या. आणि लगेच हाताला दुसरं काम द्या: लसूण सोलणं, वाटाणे, चपला ओळीत लावणं.

रडणं थांबवायला मोबाइल देण्याची सवय लागली असेल आणि ती मोडायची असेल, तर तयारीत राहा: पहिले काही दिवस रडणं वाढेल. पूर्वी जे चालायचं ते जोर लावून बघतोय, एवढंच. तिसऱ्या दिवशी कंटाळून दिलात तर त्याला कळतं की तीन दिवस ओरडावं लागतं. त्यामुळे परीक्षा, लग्नकार्य, सासूबाईंचं ऑपरेशन अशा आठवड्यात हे सुरूच करू नका.

गाडीत, बाजारात

लेडीज डब्यात मूल पेटलं की पंधरा बायका सल्ला देतात. सगळ्यांना "हो" म्हणा आणि पाठ फिरवून मुलाकडे बघा. आवरत नसेल तर पुढच्या स्टेशनला उतरा, कडेपासून लांब बाकावर बसा, शांत झालं की मागची स्लो पकडा. लोकांसमोर लाजेने दिलेला धपाटा हा मुलासाठी नसतो, त्या पंधरा जणींसाठी असतो.

मोठी पोरं

आठ-दहा वर्षांच्या पोराचा राग वेगळा. त्याच्या खाली बहुतेक लाज असते: मार्क कमी पडले, ग्रुपमधून काढलं, कोणीतरी जाडा म्हणालं. समोर बसवून "बोल, काय झालं?" विचारलंत तर "काही नाही" हेच उत्तर मिळणार. त्याला भाजी आणायला बरोबर न्या. शेजारी शेजारी चालताना, डोळ्यात बघायचं नसताना, पोरं बोलतात. तुम्ही मेथीची जुडी निवडत राहा, फार उत्सुकता दाखवू नका. मधेच उपदेश केलात तर परतीच्या वाटेवर गप्प.

आणि झोप. सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास लागतात. सकाळची शाळा सातची, म्हणजे सहाला उठणार, म्हणजे रात्री नऊला आडवं व्हायला हवं. आपल्याकडे जेवणच दहाला. माझ्याकडे "हा फार रागीट आहे" म्हणून आलेली कितीतरी पोरं मुळात झोपेला आलेली असतात. पोराचं जेवण आठला उरका, बाबांची वाट बघत बसवू नका. बाबांबरोबर रविवारी जेवेल.

श्वासाचा खेळही याच वेळी, सगळं गोडीत असताना शिकवायचा. दुधाचा कप हातात द्या, वास नाकाने घ्यायचा आणि गरम दूध हळूहळू फुंकायचं. रोज फुंकलं तर भांडणाच्या वेळी "दूध फुंक" म्हटल्यावर आठवतं. ऐन तांडवात पहिल्यांदा "दीर्घ श्वास घे" म्हणणाऱ्या आईच्या अंगावर मूल कप फेकतं, आणि त्यात त्याची चूक नाही.

दाखवायचं कधी

रडता रडता श्वास अडकून ओठ निळे पडतात, काही क्षण मूल मलूल होतं, असं लहान वयात काहींना होतं. घाबरून हलवू नका, कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका. ते बहुधा आपोआप थांबतं, पण पहिल्यांदा झालं की बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. लोह कमी असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं, म्हणून रक्त तपासतात.

पाच वर्षांच्या पुढेही रोज लांबलचक तांडव, स्वतःचं डोकं आपटणं किंवा चावणं, बोलणं उशिरा किंवा आलेलं बोलणं जाणं, हाक मारल्यावर न बघणं, यातलं काही असेल तर वाट बघू नका. शांत मूल अचानक चिडकं झालं, एखाद्या ठराविक माणसाकडे किंवा ठराविक जागी जायला नकार देऊ लागलं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा, नंतर चौकशी. मुलाच्या सुरक्षिततेबद्दल शंका असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे. तुमच्या स्वतःच्या रागासाठी, उदासीसाठी १४४१६ वर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं, आणि घरातल्यांना सांगावं लागत नाही.

मुंबईत परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, आणि सायन या पालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत. तिथे जायला लाजू नका. देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली याच शहरात सुरू झालं होतं, म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या काळापासून मुंबईतली माणसं पोरांना दाखवायला नेतायत. जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहा: किती वाजता, आधी काय झालं होतं, किती वेळ चाललं, कशाने थांबलं. "सारखाच चिडतो हो" यावर डॉक्टर काही करू शकत नाहीत, या वहीवर करू शकतात. आणि ओपीडीत मुलासमोर त्याचे पराक्रम सांगत बसू नका. बाबांना त्याच्याबरोबर बाहेर बसवा आणि वही घेऊन आत जा.